तेविसावा बिल्ला

१

आमच्या क्लबात चोरी झाली आणि चोरीला काय गेलं, तर एक हजेरी. हसू नका. मीही आधी हसले होते आणि पाच मिनिटांत माझं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

गुरुवारची सकाळ. मी दातांची डॉक्टर. एका गृहस्थांची दाढ कोरत होते, तेवढ्यात दार ढकलून चष्मेवाली आत आली. चष्म्याचं दुकान चालवणारी आमच्या क्लबातली ही बाई एरवी इतकी शांत, की दुकानात गिऱ्हाईक आपणहून हळू बोलायला लागतं. आज तिचा श्वास लागला होता.

"मला क्लबातून काढतायत," ती म्हणाली. "फलकावर यादी लागलीये. सव्वीस सभांपैकी माझ्या बारा हजेऱ्या. तेरा लागतात."

"मग एक कमी पडली की गं," मी म्हटलं.

"कमी पडली नाहीये. माझ्या डायरीत तेरा आहेत. कुणीतरी एक खाल्ली."

दाढवाल्या गृहस्थांनी तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही पुढचं ऐकायचं होतं.

आमच्या सेवा क्लबाची सभा दर गुरुवारी सहाला. सहा महिन्यांत सव्वीस सभा, त्यातल्या निम्म्यांना तरी यायलाच हवं. नाही आलात तर सभासदत्व आपोआप संपतं, कोणी मत देत नाही की कोणी रडत नाही. एखादी सभा चुकली तर चौदा दिवसांच्या आत दुसऱ्या क्लबाच्या सभेला बसून यायचं आणि तिथल्या चिटणीसाच्या सहीची चिठ्ठी आणून द्यायची, म्हणजे ती भरून निघते. चिठ्ठ्याचपाट्यांच्या बाबतीत चष्मेवाली म्हणजे आनंदच होता.

पण प्रश्न नुसत्या सभासदत्वाचा नव्हता. क्लबाची डोळे तपासणीची गाडी तीच चालवायची, म्हणजे अक्षरशः स्टिअरिंग हातात धरून. लांबलांबच्या वस्त्यांवर जायचं, डोळे तपासायचे, मोतीबिंदू असलेल्यांना इस्पितळात आणायचं आणि घरी सोडायचं. गाडीची किल्ली सभासदाकडेच राहील असा नियम आहे. आज संध्याकाळी तिचं नाव गेलं की किल्ली जाणार, आणि नवा माणूस नेमेपर्यंत, म्हणजे पुढची तिमाही उजाडेपर्यंत, गाडी जागेवर उभी.

"सोमवारी बावीस जणांची ऑपरेशनं ठरलीयेत," ती म्हणाली. "त्यांना मी काय सांगू? माझी एक सभा हरवली म्हणून आंधळे राहा?"

मी दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं, गृहस्थांना उद्या बोलावलं आणि जिना चढून वर गेले. वर माझी मावशी राहते.

२

मावशीने चौतीस वर्षं परीक्षा केंद्रं सांभाळली. दुसऱ्याच्या जागी पेपर लिहायला आलेला, सही करून पळालेला, जुळ्या भावाला पाठवणारा, असे सगळे नग तिने पकडलेत. हजेरी म्हटलं की निवृत्तीनंतरही तिच्या अंगात येतं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "हजेरीपट बघू."

सभागृहात त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. क्लबाची चिटणीस मीच, त्यामुळे किल्ली माझ्याकडे होती. मी तिला आमची पद्धत दाखवली. दाराशी एक लाकडी फळा आहे. त्यावर अडतीस सभासदांचे अडतीस बिल्ले टांगलेले. आलात की आपला बिल्ला काढून छातीवर लावायचा. सभा संपताना तो टोपलीत टाकायचा. अध्यक्ष टोपलीतले बिल्ले सगळ्यांदेखत मोजतात, आकडा जाहीर करतात, हजेरीपटाच्या तळाशी लिहून सही ठोकतात. मग चहा. टोपली अण्णांकडे जाते आणि ते घरी निवांत बसून एकेका नावापुढे खूण करतात.

"अण्णा कोण?"

"जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. बारा वर्षं हजेरी तेच भरतात. त्यांची रेघ फूटपट्टीशिवायही सरळ येते."

चष्मेवालीने डायरी आणि पट शेजारी ठेवले. फरक एकाच दिवशी पडत होता, सातव्या सभेला. डायरीत 'मधमाश्या, पहिली रांग' असं लिहिलेलं, पटावर मात्र तिच्या नावापुढे स्वच्छ निळी फुली. खाडाखोड नाही, गिरवलेलं नाही.

"लोकांना विचारू या ना," मावशी म्हणाली. "पहिल्या रांगेत बसलेली बाई कुणीतरी पाहिलीच असेल."

"चालत नाही," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी एका महाभागाने हजेरीसाठी सात साक्षीदार आणले होते. सातही जणांनी छातीठोकपणे सांगितलं की हा सभेत होता. नंतर कळलं की त्या गुरुवारी सभा झालीच नव्हती. तेव्हापासून साक्षी बंद. पट सांगेल ते खरं. बदल करायचाच तर भर सभेत, पट भरणाऱ्याने आणि अध्यक्षाने मिळून."

मावशी मनापासून हसली. मग तिने माझी इतिवृत्ताची वही मागितली. सातव्या सभेचं पान मी मोठ्याने वाचलं. "घंटा: अध्यक्ष. व्याख्यान: मधमाश्यांचं घर. प्रश्नोत्तरं. सभा समाप्त सात वाजून दहा मिनिटं. उपस्थिती तेवीस. आभार."

तिने वही माझ्या हातातून घेतली, मागची चार पानं चाळली, पुढची चार चाळली.

"अक्षर बरं आहे तुझं," ती म्हणाली. "आता सांग, टोपलीत बिल्ले किती होते?"

"तेवीस."

"पटावर हजर किती?"

मी खुणा मोजल्या. "तेवीस."

"हिला हजर धरलं तर?"

"चोवीस."

"पण चोवीस नव्हते. तेवीसच होते, भर सभेत मोजलेले." मावशीने चष्मेवालीकडे रोखून पाहिलं. "म्हणजे एक तर तू खोटं बोलत्येस, नाहीतर या तेवीस जणांतला एक जण त्या दिवशी सभेत नव्हताच."

३

चष्मेवाली दुकान उघडायला गेली आणि आम्ही निघालो. दिवसभराचे सगळे पेशंट मी पुढच्या आठवड्यावर ढकलले आणि याबद्दल मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

माझा संशय सरळ अध्यक्षांवर होता. ते इमारती बांधतात. त्यांच्या भावजयीला गाडीचं काम हवं होतं, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. ते एका अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सापडले, डोक्यावर पिवळं टोपडं.

"मी कशाला खाऊ तिची हजेरी?" ते मावशीवर उखडले. "मी आकडा मोजतो आणि सही करतो. नावांशी माझा संबंध नाही. टोपली मी अण्णांच्या हातात देतो, मग ती माझ्या नजरेलाही पडत नाही. आणि हो, माझ्या भावजयीला गाडी हवी होती, पण तिला साधी घरची गाडीही गॅरेजमधून बाहेर काढता येत नाही. मीच नको म्हणालो."

"त्या दिवशी घंटा तुम्ही वाजवलीत," मावशी म्हणाली.

"वाजवली असेन. मला विटा मोजायच्या आहेत. संध्याकाळी सभेला या, आज मोठा कार्यक्रम आहे."

मोठा कार्यक्रम म्हणजे सरांचा सत्कार. सर हे पोहण्याचे शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली पाण्यात पडलेलं, मीसुद्धा. एकतीस वर्षांत त्यांची एकही सभा चुकलेली नाही. मुलीचं लग्न गुरुवारी निघालं तर त्यांनी मुहूर्त सकाळचा धरायला लावला. क्लबात त्यांना 'शंभर टक्के' म्हणतात, आणि सभेची घंटा वाजवण्याचा मान कायमचा त्यांचा. आज त्यांना पदक मिळणार होतं. त्याच सभेत पुढचा विषय सभासदत्व संपलेल्यांची नावं वाचण्याचा, म्हणजे आता चष्मेवालीचं. कार्यक्रमपत्रिका मीच टाइप केली होती आणि तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं.

दुसरा संशय औषधांच्या दुकानदारावर. गाडी रक्तदान शिबिरांना द्यावी म्हणून तो चष्मेवालीशी महिनाभर भांडला होता. तो गोळ्यांची पाकिटं रचत होता.

"भांडलो, हो," तो म्हणाला. "पुन्हा भांडेन. पण भांडायला ती क्लबात असायला हवी ना? ती गेल्यावर मी कुणाशी भांडू, अण्णांशी? ते तर माझ्याकडे बघूनच सॉरी म्हणतात."

"मधमाश्यांचं व्याख्यान आठवतं?"

"व्याख्यान नाही आठवत, झोप लागली होती. नंतरचा चहा आठवतो. सर माझ्या शेजारी उभे होते. छातीवर बिल्ला, हातात कप. मला म्हणाले, आज सभेच्या आधीच चहा कसा काय? मी खूप हसलो. म्हटलं, सर, या वयात तुमची थट्टा ऐकावी ती अशी."

"आणि ते हसले?"

औषधवाल्याचा हात पाकिटांवर थांबला. "नाही," तो म्हणाला. "आता तुम्ही विचारलंत म्हणून. हसले नाहीत."

मावशी बाहेर आली. फुटपाथवर थांबून तिने पदराने कपाळ पुसलं.

"मला कळलं कुणाची हजेरी खोटी आहे ते," ती म्हणाली. "कळलं नसतं तर बरं झालं असतं."

४

"सांग ना," मी तिच्यामागे जवळजवळ धावत होते. "मावशी, माझा जीव जाईल. सांग."

"तू सांग. सातव्या सभेपर्यंत चष्मेवालीच्या हजेऱ्या किती होत्या?"

मी पटाचा फोटो पाहिला. "सहापैकी सहा."

"बरोबर. पुढे वस्त्यांच्या फेऱ्या वाढल्या आणि ती मागे पडली. पण त्या दिवशी तिच्याइतकी भरवशाची दुसरी कोण होती? जिला काढायचंय तिची हजेरी शेवटी चोरतात गं, ती काठावर आली म्हणजे. सातव्या सभेला कोण चोरेल? तिच्यावरच्या रागाने हे झालंच नाही. तिला एक गेली तरी जाणवणार नाही, असा हिशेब करून कुणीतरी ती दुसऱ्याला दिली."

"कुणाला?"

"तुमच्या क्लबात एक सभा चुकली तर कुणाचं काय बिघडतं?"

"कुणाचंच नाही. तेरा भरल्या की झालं. शिवाय चौदा दिवसांत दुसऱ्या क्लबात जाऊन भरून..."

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. एका सायकलवाल्याने मला वळसा घातला आणि जे काही म्हणाला ते मी ऐकलंच नाही.

एका माणसाचं बिघडतं. ज्याला एकही परवडत नाही त्याचं.

"पण सर होते," मी म्हटलं. "औषधवाल्याने पाहिलं. मीसुद्धा पाहिलं, चहाच्या वेळी."

"चहाच्या वेळी," मावशी म्हणाली. "सभेत कुणी पाहिलं? ते असताना घंटेला दुसऱ्याचा हात लागत नाही असं तूच म्हणालीस. तुझ्या वहीत मागे चार पानं, पुढे चार पानं 'घंटा: सर'. मधल्या एकाच पानावर 'घंटा: अध्यक्ष'. तू लिहिलंस आणि विसरलीस. ते आले सभा संपल्यावर. बिल्ला काढला, लावला, आणि आता सभा सुरू होईल म्हणून हातात कप घेऊन उभे राहिले."

"पण मग चौदा दिवसांत भरून का नाही काढली? दुसरे क्लब काय कमी आहेत?"

"भरून काढायला आधी चुकली हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांना ते आजही माहीत नाही. आणि ज्याला माहीत आहे, त्याच्याकडे त्या रात्री टोपली होती." तिने घड्याळ पाहिलं. "किती वेळ आहे आपल्याकडे?"

पावणेपाच वाजले होते.

५

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते. टेबलावर हजेरीपटाची प्रत, तिच्यावर आडवी पट्टी. मावशीने एकच प्रश्न विचारला. "सातव्या सभेचा तेविसावा बिल्ला कुणाचा होता हो?"

अण्णांनी नकार द्यायचा प्रयत्नही केला नाही. बारा वर्षांत खोटं फक्त एकदा लिहिलेला माणूस, त्याला दुसऱ्यांदा जमेना.

"सात वीसला आले," ते म्हणाले. "मी टोपली उचलून निघालो होतो. दारातच मला म्हणाले, चल अण्णा, घंटा वाजवतो, उशीर नको. लोक चहा पीत होते, खुर्च्या उचलल्या जात होत्या. आणि ते मला म्हणतात घंटा वाजवतो. मी त्यांना गप्पांत गुंतवलं. जाताना त्यांनी बिल्ला टोपलीत टाकला. सवयीने."

"म्हणजे चोवीस झाले."

"तेवीस जाहीर झाले होते. एक काढावा लागणार होता." त्यांनी पट्टी सरळ केली, ती सरळच होती. "तिचा काढला. सहापैकी सहा होत्या हो तिच्या. वाटलं, हिला काय फरक पडतो. सहा महिन्यांची बेरीज काल केली तेव्हा तिच्या बाराच भरल्या."

"आणि तरी यादी लावलीत," मी म्हटलं. मला राग आला होता आणि तो लपवायची माझी इच्छा नव्हती. "बावीस माणसं सोमवारी वाट बघत बसणार आहेत, अण्णा."

"मी मार्ग काढलाय." ते घाईने बोलू लागले. "आज सभेत सांगतो की माझी चूक झाली. तिला हजर करतो आणि स्वतःला गैरहजर लिहितो. आकडा तेवीसच राहील. सरांना काही कळायला नको."

मला ते एकदम पटलं. मी मावशीकडे मोठ्या आशेने पाहिलं. तिने मान हलवली.

"टोपली नेणारा माणूस गैरहजर? एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही उद्या फुटणार. शिवाय तुम्ही फक्त सभेचा विचार करताय. ज्यांना सहा वाजलेत की सात हे कळत नाही, ते गृहस्थ अजून रोज सकाळी एकटेच तलावावर पोहायला जातात ना?"

अण्णांचा चेहरा उतरला. हे त्यांच्याही मनात कधीतरी येऊन गेलं असणार.

"मी सरांना काही सांगणार नाही," मावशी उठत म्हणाली. "ते काम तुमचं. मित्र तुम्ही आहात."

६

सहाला पाच मिनिटं होती. अडतीसपैकी पस्तीस बिल्ले फळ्यावरून उतरलेले. सर पांढऱ्या शर्टात, केस पाण्याने बसवलेले. सहाच्या ठोक्याला त्यांनी घंटा वाजवली आणि टाळ्या पडल्या. चष्मेवाली मागच्या रांगेत किल्ली मुठीत धरून बसली होती. पाहुण्यांच्या खुर्चीत मावशी. अण्णा माझ्या शेजारी, पट मांडीवर. ते बोलतील की नाही हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

अध्यक्षांनी पदक उचललं. "एकतीस वर्षं, एकही सभा न चुकवता..."

अण्णा उभे राहिले. "थांबा," ते म्हणाले. "चुकलीये. एक."

त्यांनी सगळं सांगितलं. मधमाश्या, टोपली, कुणाचा बिल्ला काढला आणि का. आवाज एकदाही चढला नाही. औषधवाला डोळे विस्फारून बसला होता. कुणीतरी मागून "अहो, पण आजच्या दिवशी" असं पुटपुटलं आणि तिथेच गप्प झालं. मी सरांकडे पाहायचं टाळत होते आणि तरी पाहत होते.

सरांनी विचारलं, "मी किती वाजता आलो होतो?"

"सात वीस."

"मला सहा वाटले होते?"

"हो, सर."

"त्यानंतर पुन्हा झालं का असं?"

अण्णांनी मान खाली घातली. सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मुलगा पाण्याला घाबरतोय की थंडीने कापतोय हे ओळखायचं असावं तसं.

"झालं नाही, कारण तू फोन करतोस," सर सावकाश म्हणाले. "दर गुरुवारी साडेपाचला. कधी पेन सापडत नाही म्हणून, कधी पाऊस पडेल का विचारायला."

सरांनी हात पुढे केला.

"पट आण."

अण्णांनी पट त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी चष्मा लावला, सातव्या सभेचा रकाना बोटाने शोधला. स्वतःच्या नावापुढची खूण खोडून त्यांनी फुली मारली. मग बोट खाली नेत नेत चष्मेवालीच्या नावापाशी आले आणि तिथली फुली खोडून खूण केली. पेन अण्णांच्या हातात दिलं, अण्णांनी सही केली. पेन अध्यक्षांकडे गेलं. त्यांच्या एका हातात पदक होतं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना, शेवटी खिशात घातलं आणि सही केली.

"आकडा तेवीसच आहे," सर म्हणाले. "पुढचा विषय घ्या. तिला सोमवारी जायचंय."

पुढचा विषय उरलाच नव्हता. चष्मेवाली मागच्या रांगेत हमसून रडत होती आणि औषधवाला तिला स्वतःचा रुमाल देत होता. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही, दोन्ही एकदम. मी इतिवृत्तात काय लिहिलं ते मला आजही नीट वाचता येत नाही.

सभा संपल्यावर मी वह्या आवरत होते. दाराशी सर आणि अण्णा दोघेच होते. सरांनी आपला बिल्ला टोपलीत टाकला.

"उद्यापासून तलावावर एकटा जाणार नाही," ते म्हणाले. "मुलीला सांगतो आज." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या फोनचं मला वाटायचं, बायको गेल्यापासून तुला करमत नाही, म्हणून करतोस. म्हणून मी मुद्दाम लांबण लावायचो."

अण्णा टोपलीतले बिल्ले उगाच सारखे करत राहिले.

"करत जा," सर म्हणाले. "रोज कर."